ओल्या चेहऱ्यावर चार थेंब

११ नोव्हेंबर, सोमवार. भिसेगाव, कर्जत.

नवीन नोकरी, नवीन खोली, म्हणून नवीन वही. शाळेत असताना मी रोज लिहायची. लग्न झालं आणि ते सुटलं. पुढे नवराही सुटला, पण लिहिणं काही परत धरलं नव्हतं. आज धरते.

सकाळी शिळफाट्याहून निघाले. आरोही रडेल अशी धास्ती होती, पण तिने एवढंच विचारलं की त्या घरी फ्रिज आहे का, आणि असला तर आत काय काय ठेवतात ते बघून फोनवर सांग. तिसरीतल्या पोरीचं जग तेवढंच. आईने दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, पोरीची काळजी करू नको, तू जरा बसून खा.

घर स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला, आतल्या गल्लीत आहे. बैठं, नीटनेटकं, दारात चाफा. मला स्वतंत्र खोली दिलीय. खिडकी, पंखा, लोखंडी पलंग, बाथरूममध्ये गीझर. नऊ वर्षं पार्लरमध्ये उभं राहून पोटऱ्यांचे दगड झालेत, आणि थ्रेडिंगचा धागा दातात धरून पुढचे दोन दात झिजलेत. इथे एकच बाई, एकच चेहरा. दुपारी चक्क तासभर झोपले. दुपारची झोप कशी असते ते विसरलेच होते.

बाई म्हणजे सरोजिनी गुप्ते. कर्जतच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून अर्धं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. मीही तेच म्हणणार. वय शहात्तर. गुडघे गेलेत, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढंच चालणं. पण चेहरा काय सांगू! मी हजारो चेहरे हाताखालून घातले, असा बघितला नाही. रात्री भिजवून सकाळी सोललेल्या बदामासारखा.

त्यांचा मुलगा अनुपम खालापूरकडच्या एका केमिकल कारखान्यात आहे. राहतो पनवेलला, येतो रविवारी. आज मला घर दाखवायला मुद्दाम रजा काढून आला होता. हळू बोलतो, डोळ्यांखाली काळं झालंय. मला ताई म्हणाला. निघताना खाली बसून त्याने आईच्या पायात मोजे चढवले आणि वरून दोन्ही पाय क्षणभर हातात धरून ठेवले. असा मुलगा असायला नशीब लागतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज काम नीट समजून घेतलं. आंघोळ, जेवण, औषधं हे आहेच, पण मला घेतलंय ते बाईंच्या त्वचेसाठी. कातडी कोरडी पडून तडकण्याचा त्यांना आजार आहे. मुंबईचे डॉक्टर झाले, मलमं झाली, आता अनुपमने स्वतः बनवलेलं सीरम लावतात. गेली काही वर्षं पार्लरमध्ये ज्याचं खूळ आलंय त्या हायल्युरॉनिक ॲसिडच्याच जातीचं, पण त्याने त्यात स्वतःची काहीतरी भर घातलीय. तपकिरी बाटली, वर नुसती तारीख.

पद्धत मला पाठ आहे, गिऱ्हाइकांना हेच सांगून घसा बसायचा. चेहरा पाण्याने ओला करायचा, पुसायचा नाही. ओल्या चेहऱ्यावर चार थेंब. चोळायचं नाही, तळव्याने दाबत दाबत मुरवायचं. मग मान, हात, पाय. वरून क्रीमचा जाड थर, म्हणजे आतली ओल उडून जात नाही. सकाळी आठला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. वेगळी अट एकच, हातमोजे घालायचे नाहीत.

मी लावत असताना बाई वर्गात सांगावं तशा म्हणाल्या, "हा पदार्थ पाणी तयार करत नाही, भाग्यश्री. तो पाणी ओढतो आणि धरून ठेवतो. हवेत असलं तर हवेतून. हवा कोरडी असली, तर जवळपास जिथे असेल तिथून."

हे मला माहीत होतं. क्रीम लावलं नाही तर खालच्या कातडीतलंच पाणी वर येतं, असं आम्हाला ट्रेनिंगला सांगितलेलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही आमच्या पार्लरला शिकवायला यायला हवं होतं. त्या हसल्या. सीरम मुरताना बघत राहावंसं वाटतं. भेगाळल्या जमिनीत पाणी जिरावं तसं, आवाज तेवढा येत नाही.

काम झाल्यावर माझे तळवे छान घट्ट वाटले, जसे कपडे धुतल्यावर वाटतात तसे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

धुण्याला बुधी येते, ठाकरांच्या वाडीवरून, रोज तासभर चालून. पन्नाशीची असेल. तोंड चालू आणि हातही. तिच्यामुळे सकाळ बरी जाते. कुणाच्या गाईने कुणाचा भात खाल्ला ते मला चार दिवसांत पाठ झालं. एक गोष्ट लक्षात आली, ती बाईंच्या खोलीत पाऊल टाकत नाही. कपडे उंबऱ्यावर ठेवते आणि मला हाक मारते. मी विचारलं तर म्हणाली, आमी भायेरचं काम घेतलंय, आतलं नाय. वर एवढंच म्हणाली की तुझा तांब्या भरून ठेवत जा.

मी तांब्या भरूनच ठेवते. इथली हवा बाधलीय बहुतेक, घसा सारखा सुकतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाला घरी जाऊन आले. बोटाला शाई लावून घेतली तर आरोहीला तशीच हवी म्हणून तिने पेनाने नखावर रेघ ओढून घेतली. फ्रिजमधल्या वस्तूंची यादी सांगितली तेव्हा तिचं समाधान झालं. आई म्हणाली, बसून खातेस तर गाल का बसलेत? मी म्हटलं जागा बदलली की होतं. खरं तर जेवण चांगलं आहे, झोपही होते. तरी उठताना वाटतं की कुणीतरी आपल्याला पिळून दांडीवर घातलंय.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शाई गेली. महिना महिना राहते ती, लोक घासून थकतात. माझी सहा दिवसांत गेली, कारण बोटाची कातडीच निघाली. पातळ पापुद्रा, पेपरच्या कागदासारखा. नखावर राहिलीय तेवढीच. दोन्ही तळवे तसेच सोललेत.

बाईंना विचारून आज हातमोजे घालून लावलं. सीरम चेहऱ्यावर तसंच राहिलं, चिकट, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. अर्ध्या तासाने बाईच म्हणाल्या, काढ ते मोजे, हाताशिवाय नाही व्हायचं. काढले. मिनिटभरात मुरलं.

८ डिसेंबर, रविवार

थंडी पडली. अनुपम आला. मी हात दाखवायच्या आधीच त्याने पिशवीतून माझ्यासाठी ग्लिसरीनची बाटली काढली आणि जुलाब झाल्यावर देतात ती साखर-मिठाची पाकिटं, अख्खा खोका. दिवसातून चार घ्या ताई, म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी तक्रार केलीच नव्हती. मग त्याला आधीच कसं माहीत?

दिवसाला आठ तांबे पिते. लघवीला एकदाच जाते. पंजाबी ड्रेस खांद्यावरून ओघळतो. बाई मात्र छान दिसतायत. आज त्यांच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी आली होती, ती त्यांच्या पाया पडून उठली आणि चेहरा बघून रडायलाच लागली, देवी दिसता म्हणाली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज बुधीला सरळ विचारलं, माझ्याआधी इथे कोण होतं. तिने धुणं थांबवलं. सुनंदा म्हणून होती, कळंबची, गेल्या वर्षी. आली तेव्हा गोल गरगरीत होती. त्याच्या आदल्या वर्षी दुसरी एक.

"दिवाळी झाली का नवी बाई येते, पाऊस लागला का जाते," बुधी म्हणाली. "पावसात त्यांना कोन लागत नाय."

पावसात हवेत पाणी असतं. मी खूप वेळ चाफ्याखाली बसून राहिले. घाबरायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता.

१९ डिसेंबर, गुरुवार

काल डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली, सोडली, ती तशीच उभी राहिली. किती पाणी पिता विचारलं. सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. मी ठरवलं, बस झालं. संध्याकाळी बाईंना बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि सीरम लावलं नाही. त्यांनी मान हलवली, आग्रह केला नाही.

आज सकाळी आत गेले. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठांच्या कडेपासून कानापर्यंत चेहरा फाटला होता. मी नीट लिहिते: फाटला होता, उन्हात वाळलेल्या पापडासारखा. हाताच्या प्रत्येक सांध्याला भेग, भेगेत लाल. रक्तसुद्धा येत नव्हतं. ओरडू नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. रात्रभर तशाच बसल्या असणार. शेजारच्या खोलीत मी होते, त्यांनी हाक मारली नाही.

मी चेहरा ओला केला, चार थेंब घेतले आणि लावले. काय करणार होते? माणूस आहे समोर. नऊ वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यावर हात फिरवला, एकाला दुखलं तरी जीव खालीवर व्हायचा.

भेगा माझ्या तळव्याखाली मिटत गेल्या. मला जाणवलं ते. दंडातून, कोपरातून, मनगटातून काहीतरी खाली उतरत गेलं. नंतर मी उभी राहिले तर दारं दोन दिसत होती.

५ जानेवारी, रविवार

आज अनुपम घरी होता म्हणून सुट्टी मागितली आणि कळंबला गेले. मनाशी ठरवलं होतं, सुनंदाला बघायचं, मग काय ते ठरवायचं. वाळलेली, म्हातारी झालेली बाई बघायची तयारी करून गेले होते.

गावाच्या टोकाला, रिसॉर्टच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचं घर. दार उघडलं ते एका म्हातारीने. चेहऱ्यावर सुरकुत्यांची जाळी, डोळे खोल, बोटं काटक्यांसारखी. मला वाटलं आजी. ती चंद्राबाई, सुनंदाची आई. वय विचारलं तर म्हणाली सेहेचाळीस.

सुनंदा आत बसली होती. अठ्ठावीस वर्षांची, आणि चेहरा बाईंसारखा. तसाच, सोललेल्या बदामासारखा. चंद्राबाई खूश होती. पोरगी जूनमध्ये घरी आली तेव्हा पार गेली होती, आता बघा, रोज तिचं डोकं विंचरते, अंग चेपते, पोरगी सुधारली आणि माझीच तब्येत उतरली, चालायचंच. ती चहा टाकायला गेली.

सुनंदाने पूर्ण वेळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, लांब बसा. आई ऐकत नाय माझं. तुमी तरी ऐका."

मला वाटलं तिने बाटली घरी आणली असावी. विचारलं. ती म्हणाली, बाटली नाय. आणि रडायला लागली. तिचे गाल ओले झाले आणि मला, खरं सांगते, त्या पाण्याची हाव वाटली.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी बाईंपुढे बसले आणि म्हटलं, मी सुनंदाला भेटले.

त्यांनी लपवलं नाही. अप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची कातडी जखमांनी सुटत चालली होती. अनुपमने हे वडिलांसाठी बनवलं. बाईंनी दोन वर्षं, दिवसातून दोनदा, आपल्या हाताने लावलं. अप्पा सुखात गेले. मग पंधराच दिवसांत बाईंची कातडी तडकायला लागली. अनुपम तेव्हापासून उतारा शोधतोय. सापडलेला नाही. तोवर आईला असं बघवत नाही, म्हणून दिवाळी झाली की बाई शोधतो.

मी म्हटलं, मी उद्या घरी जाते.

त्या एवढंच म्हणाल्या, "इथून जा. पण घरी जाऊ नकोस. मुलीजवळ तर मुळीच नको."

मला धरून ठेवायला म्हणतायत असं वाटलं. पहिल्यांदाच त्यांचा राग आला. संध्याकाळचं लावलं नाही. बॅग भरली.

१४ जानेवारी, मंगळवार. शिळफाटा.

घरी येऊन आठवडा झाला. पहिले तीन दिवस नुसती झोपले. आरोही शाळेतून आली की दप्तर टाकून कुशीत शिरते. आज तिळगूळ केला. तहान कमी झालीय, तोंडाला लाळ सुटते. तिळगूळ तोंडात विरघळला तेव्हा रडूच आलं. इतके दिवस सगळं अन्न भुशासारखं लागत होतं.

अनुपमचे फोन येतात, उचलत नाही. बुधी फोनवर म्हणाली, नवीन मुलगी ठेवलीय, नेरळकडची. बुधीकडून तिचा नंबर घेऊन फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, काम तर हलकं आहे ना ताई. पुढे भांडायचं त्राण मला नव्हतं. त्राण नव्हतं असं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर.

२५ जानेवारी, शनिवार

गल्लीतल्या बायका विचारतात, काय लावतेस. शेजारच्या वहिनीने गालाला बोट लावून बघितलं. काही लावत नाही म्हटलं तर तिचा विश्वास बसेना.

खरंच काही लावत नाही. आरोहीच्या वेण्या घालते, तिला तेल लावते, तिला जवळ घेऊन झोपते.

आरोहीचे ओठ फुटलेत. आई म्हणते थंडीने, तूप लाव. लावलं. माझ्याच हाताने.

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून निरोप आला, पोरगी बाकावर झोपते, पाण्याची बाटली तीन वेळा भरून घेते. घरी आली. तिला मांडीवर घेतलं. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली. सोडली.

तशीच उभी राहिली.

मी तिला मांडीवरून उतरवलं. ती पुन्हा चढली. तिला काय सांगू?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आरोही दवाखान्यात. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाले उन्हाळा लागायच्या आधीच इतकी कोरडी कशी पडली. आई घरून डबा आणायला गेली. मी लांब खुर्चीवर बसले होते. तिने झोपेत हात पुढे केला. मी धरला, एक मिनिट. एकच.

बाटलीतलं पाणी टपटप तिच्या हाताला जात होतं आणि ओले होत होते माझे ओठ. चव आली. खारट.

हात सोडवता येईना. मला सोडायचा होता. नर्स आली म्हणून सुटला.

बाई खरं बोलत होत्या. सुनंदा खरं बोलत होती. सगळे मला सांगत होते.

८ फेब्रुवारी, शनिवार. कळंब.

आरोहीला घरी सोडलं. ती दारात उभी होती. तिला जवळ न घेता निघाले. आईला सांगितलं, लांबची नोकरी लागली. आई काहीतरी ओरडत राहिली. तिचं बरोबर आहे.

अनुपमला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, तुम्हाला बाटली देतो ताई, लावायला एखादी बाईही बघतो. इतक्या मायेने म्हणाला. मी फोन ठेवला.

माझ्यासारखीला एकच जागा होती. सुनंदा दारातच भेटली. चंद्राबाई संक्रांतीच्या आधीच गेली. मी आत गेले, तिने दाराला कडी घातली. आम्ही एकमेकींचा हात धरून बघितला. काही नाही. कुठून कुठे काही गेलं नाही. रिकाम्या हंड्याने रिकामी घागर काय भरायची. दोघी तशाच बसलो, हात धरून. महिन्याभरात कुणाला न घाबरता धरलेला पहिला हात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुकानदार गजाला मीच सांगितलं, कातडीचा रोग आहे, लागतो. तो तांदूळ आणि पाण्याचे कॅन ओट्यावर ठेवून जातो. बरं झालं. कुणी येत नाही.

सुनंदाचा चेहरा गेला. माझी बोटं कामातून गेली. पेन मुठीत धरून लिहिते. ओल्या गोणपाटावर झोपतो. सकाळी गोणपाट सुकलेलं असतं.

२ मार्च, रविवार

ऊन वाढलं. दोघी बोलत नाही. बोललं की ओठ फाटतात.

सुनंदाने खुणेने विचारलं, पाऊस कधी. बोटं मोजली. तीन महिने. ती हसल्यासारखं करून भिंतीकडे वळली.

बुधीचा फोन आला होता. नेरळची मुलगी पण—

नको. लिहीत नाही.

९ मार्च, रविवार

आवाज गेला. तोंड उघडते, हवा येते फक्त.

सकाळी रस्त्याने कुणाचं तरी तान्हं रडत गेलं. आम्ही दोघी दारापाशी होतो. केव्हा उठलो, कळलं नाही. भिंतीपलीकडून कळतं आम्हाला, कुठे पाणी चाललंय ते.

सुनंदाने मला मागे ओढलं. मग मी तिला.

१३ मार्च, गुरुवार. होळी.

आईचा मेसेज. मी कळंबला असल्याचं गजाच्या दुकानातून तिला कळलंय. पोरगी अन्न सोडून बसलीय, उद्या घेऊन येते. नको म्हणून लिहिलं. पुन्हा लिहिलं. पोचलं की नाही—रेंज नाही.

दाराला आतून पलंग लावला. सुनंदाने मदत केली. तिलाही अडवायला पलंग लागतोय, हे तिला—

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.

सकाळपासून रस्त्यावर पोरं. पिचकाऱ्या. पाण्याचा वास भिंतीतून आत—

आले. आईचा आवाज. गजा सांगतोय, जवळ जाऊ नका. आई ऐकत नाही. आमच्यात कुणी ऐकत नाही.

आरोही हसतेय. वाटेत पोरांनी भिजवली तिला. उभी आहे दारात. खालून पाणी आलं आत, गुलाबी—

सुनंदा उठली. भिंतीला न टेकता उठली. पलंग सरकवतेय. मी दाराला पाठ लावून बसलेय. ओरडले. आवाज नाही. पान फाडून फटीतून सरकवते, आरोहीला वाचता येतं—

आरोही. मी आई. मी आत आहे आणि मला तू ऐकू येतेस.

आजीचा हात धर आणि लांब जा. दाराला हात लावू नको. मी रागावले नाही. त्या दिवशी तुला जवळ घेतलं नाही ते मुद्दाम. आजी रडली तरी तिला ओढत ने. पळत जा.

तू खाली वाकलीस. तुझी बोटं दिसतायत फटीत. चार. ओली.

आरोही हात काढ. बाळा, हात काढ, माझा हात माझं ऐकत